सियाचीनचे बूट आणि घंटागाडीचं टेंडर

परवा रात्री तालुक्याच्या ग्रुपवर तेजसवरून वाद पेटला. कोणीतरी नाशिकच्या एचएएलमधून उडालेल्या विमानाचा व्हिडिओ टाकला, दुसऱ्याने विचारलं "मग हवाई दलाला मिळालं का?", आणि तिथून सुरू झालं ते रात्री दीडपर्यंत. शेवटी एकाने निकाल दिला: "सैन्याला काय घ्यायचं ते सैन्यालाच ठरवू द्या. पुढाऱ्यांनी, बाबूंनी आणि पत्रकारांनी तोंड बंद ठेवावं." धडाधड अंगठे पडले.

मी एक वाक्य लिहिलं. "काय पाहिजे ते सैन्याने सांगावं, पण कोणतं विकत घ्यायचं हे एकट्या सैन्याने ठरवू नये." बस्स. सकाळी उठलो तर मी देशद्रोही झालो होतो. एका ओळखीच्या दुकानदाराने तर फोन करून सांगितलं, "भाऊ, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्याला म्हटलं, लिहितो सविस्तर. म्हणून ही पोस्ट. लांब आहे. ज्यांना फक्त शिव्या द्यायच्यात त्यांनी सरळ खाली कमेंटमध्ये जावं, मधलं वाचायची सक्ती नाही.

आधी सैन्य म्हणजे कोण ते ठरवू. आमच्या गल्लीत पायदळातून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. सियाचीनला राहून आलेत. डाव्या पायाची दोन बोटं तिथेच राहिली. परवाच्या भांडणाबद्दल त्यांना विचारायला गेलो, तर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "सैन्याने ठरवायचं म्हणतोस? सव्वीस वर्षं नोकरी केली, मला एकदा पण कोणी विचारलं नाही बूट कसा पाहिजे ते. जो आला तो घातला."

आपण ज्याला "सैन्य" म्हणतो आणि ज्याच्या नावाने ग्रुपवर छाती बडवतो तो आबांसारखा माणूस. खरेदीच्या टेबलावर तो कधीच नसतो. तिथे दिल्लीतल्या ऑफिसमध्ये दोन-तीन वर्षांच्या पोस्टिंगवर आलेले अधिकारी असतात, जे फाइल अर्धवट असतानाच बदलून जातात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण "सैन्य" हा शब्द वापरून आपण त्या दोघांना एकच करून टाकतो.

कॅगचा एक अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत आला. अतिउंचावरच्या जवानांचे कपडे, बूट, गॉगल, शिधा यावरचा. त्यात स्पष्ट लिहिलंय की नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात जवानांना बहुउद्देशीय बूट मिळालेच नाहीत, जुने बूट दुरुस्त करून वापरावे लागले. बर्फात डोळे जाऊ नयेत म्हणून लागणाऱ्या गॉगलचा तुटवडा काही ठिकाणी ९८ टक्क्यांपर्यंत होता. हे काही विमान नाही, पाणबुडी नाही. बूट आणि गॉगल. हा निर्णय कोणाच्या टेबलावर अडकला? मला एका माणसाचं नाव सांगा. नाही सांगता येणार. माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे.

आता थोडं आमच्या गावचं सांगतो, कारण मला संरक्षणातलं कळतं असा माझा दावा नाही. मी वीस वर्षं नगरपालिका, पंचायत समिती आणि बाजार समिती कव्हर करतोय. पण टेंडर मला कळतं.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका पालिकेने घंटागाड्या घेतल्या. कोणत्या पालिकेने ते सांगत नाही, जुन्या वाचकांना आठवत असेल. टेंडरच्या अटी वाचल्या तर गाडीची लांबी, हायड्रॉलिकची क्षमता, मागच्या झाकणाचा प्रकार, सगळं एकाच कंपनीच्या माहितीपत्रकातून उतरवून घेतल्यासारखं. स्पर्धा कागदावर होती, तीन निविदा आल्या. गाड्याही आल्या. आणि वरच्या आळीत शिरेनात! गल्लीची रुंदी कोणी मोजलीच नव्हती. ज्या सफाई कामगारांना त्या रोज चालवायच्या होत्या त्यांना विचारलं नव्हतं. दोन गाड्या आजही अग्निशमनच्या शेडमागे उभ्या आहेत, टायर बसलेत.

मी विचारायला गेलो. आरोग्य निरीक्षक म्हणाले खरेदी समितीने ठरवलं. समिती म्हणाली मुख्याधिकाऱ्यांनी. साहेब म्हणाले सभेचा ठराव आहे. नगरसेवक म्हणाले आम्ही काय इंजिनिअर आहोत का, तांत्रिक मंजुरी होती. पाच जणांकडे फिरलो आणि पुन्हा पहिल्याच टेबलावर आलो. बातमी छापली, पुढचे आठ महिने पेपरला पालिकेची जाहिरात बंद.

यातून एक गोष्ट कायमची शिकलो. कोणाकडून घ्यायचं हे दर उघडताना ठरत नसतं, ते अटी लिहिताना ठरतं. ज्याच्या हातात अटी, त्याच्या हातात खरेदी.

आता हीच नजर घेऊन ऑगस्टा वेस्टलँड बघा. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी १२ हेलिकॉप्टर, किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर, करार फेब्रुवारी २०१०. मूळ अट होती की हेलिकॉप्टर ६००० मीटर उंचीपर्यंत उडालं पाहिजे. ती अट ४५०० मीटरवर आली. का? कारण मूळ अटीत एकच कंपनी बसत होती, तसं होऊ नये असं २००३ मध्ये पंतप्रधान कार्यालयाकडून सांगण्यात आलं. ऐकायला चांगलंच वाटतं, स्पर्धा वाढावी. पण मग दुसरी अट आली, केबिनची उंची १.८ मीटर पाहिजे. आणि कॅगने २०१३ मध्ये लिहिलं की या अटीमुळे पुन्हा एकच हेलिकॉप्टर उरलं, फक्त यावेळी दुसऱ्या कंपनीचं. आमच्या घंटागाडीचं झाकण आणि ही केबिनची उंची, मला तर सख्खी भावंडं वाटतात. जानेवारी २०१४ मध्ये करार रद्द झाला. डिसेंबर २०१६ मध्ये सीबीआयने माजी हवाई दल प्रमुखांना अटक केली. ते आरोप नाकारतात, त्यामुळे मी त्यांना दोषी म्हणत नाही. पण "सैन्याला ठरवू द्या, तिथे भानगड होणारच नाही" म्हणणाऱ्यांनी या फाइलचं काय करायचं ते सांगावं.

बरं, भ्रष्टाचार सोडा. शंभर टक्के प्रामाणिक माणसंही घोळ घालतात. २०११ मध्ये लष्कराने नव्या असॉल्ट रायफलसाठी निविदा काढली. अट अशी की बॅरल बदललं की एकच रायफल दोन वेगवेगळ्या काडतुसांवर चालली पाहिजे. जगभरच्या कंपन्यांनी रायफली आणल्या, चाचण्या झाल्या, एकही पास झाली नाही. २०१५ मध्ये निविदा रद्द. पर्रीकर तेव्हा संरक्षणमंत्री होते. आपल्याकडच्या काही अटी मार्व्हलच्या कॉमिक्समधून उचलल्यासारख्या वाटतात, अशा अर्थाचं ते बोलून गेले होते. गोव्याचा माणूस, आयआयटीतला इंजिनिअर, त्याला चटकन दिसलं. शेवटी अमेरिकन रायफलींचा करार व्हायला फेब्रुवारी २०१९ उजाडला, त्याही ७२ हजार ४००. तोवर जवान कोणती बंदूक घेऊन उभा होता? इन्सास. कारगिलच्या थंडीत जिच्या मॅगझिनला तडे जायचे ती. आबा म्हणतात, "डोळ्यात तेल उडायचं, मग रुमाल बांधून नेम धरायचा." बॅरल बदलणारी जादूची रायफल यातल्या कोणाला हवी होती? आबांना तरी नव्हती. त्यांना फक्त न अडकणारी हवी होती.

दुसऱ्या बाजूचे मित्र आता खूश झाले असतील. म्हणजे नेत्यांनीच ठरवावं ना? थांबा.

राफेल. मी विमान वाईट आहे असं म्हणत नाही, विमान उत्तमच आहे, हवाई दलालाच ते हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये चौकशीची मागणी फेटाळली, पुनर्विचार याचिकाही नोव्हेंबर २०१९ मध्ये फेटाळल्या. तो विषय मी उकरत नाही. माझा प्रश्न आकड्याचा आहे. हवाई दलाची गरज १२६ मध्यम लढाऊ विमानांची होती, २००७ पासून प्रक्रिया चालू होती, वर्षानुवर्षे चाचण्या झाल्या, २०१२ मध्ये राफेल निवडलं गेलं, मग किमतीवर घोडं अडलं. १० एप्रिल २०१५ ला पंतप्रधानांनी पॅरिसमध्ये जाहीर केलं की ३६ घेऊ, तीही तयार. जुनी निविदा औपचारिकपणे त्यानंतर मागे घेतली गेली. आधी घोषणा, मग कागद. १२६ ची गरज ३६ वर कशी आली, उरलेल्या ९० चं काय करायचं, हे देशाला नीट कोणी समजावून सांगितलं? आज काय स्थिती आहे? मंजूर ४२ स्क्वाड्रन, सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. कॅगच्या अहवालात त्या व्यवहाराच्या किमतीचे आकडे झाकलेले आहेत. मी अनेक वर्षं अहवाल वाचतोय, असं पान आधी पाहिलं नव्हतं.

आणि काँग्रेसवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत, बोफोर्सवर येतो. २४ मार्च १९८६ चा करार, ४१० तोफा. त्याआधीच्या अनेक मूल्यमापनांत लष्कराची पहिली पसंती फ्रेंच तोफेला होती, फेब्रुवारी १९८६ मध्ये बोफोर्स वर आली. कारण दिलं गेलं की गोळे टाकून ही तोफ पटकन जागा बदलते, आणि पाकिस्तानकडे तोफा शोधणारं रडार आलंय. कारण खोटं होतं असं नाही, कारगिलमध्ये त्याच तोफांनी लाज राखली. पण १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी फोडली आणि त्यानंतर आपण काय केलं? चोर सापडला नाही, न्यायालयात लाच घेतल्याबद्दल कोणाला शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली तोफखान्याला. पुढची जवळपास तीस वर्षं एकही नवी मोठी तोफ नाही. बोफोर्सकडून तोफ बनवायची कागदपत्रं आलेली होती, ती पडून राहिली. आपल्या देवळालीत नोव्हेंबर २०१८ मध्ये के-९ वज्र आणि एम-७७७ दाखल झाल्या तेव्हा कुठे तो दुष्काळ संपला. पाणबुड्यांचंही तेच. माझगाव डॉकमध्ये जर्मन बनावटीच्या दोन पाणबुड्या बांधल्या, १९९२ आणि १९९४ मध्ये नौदलात गेल्या, आणि घोटाळ्याच्या भीतीने पुढचं काम बंद. मुंबईत तयार झालेले ते कारागीर, ते वेल्डर घरी बसले किंवा निवृत्त झाले. त्याच गोदीतून पुढची पाणबुडी, कलवरी, नौदलात गेली २०१७ मध्ये.

अँटनी साहेबांची आठ वर्षं तर सगळ्यांना माहीतच आहेत. स्वच्छ माणूस, वाद नाही. पण कंपनीवर संशय आला की काळ्या यादीत, फाइल बंद. सही न करणं हासुद्धा निर्णयच असतो हो. त्याची किंमत कुठल्याही एफआयआरमध्ये येत नाही एवढंच. बुलेटप्रूफ जॅकेटची मोठी मागणी २००९ मध्ये मंजूर झाली होती. १ लाख ८६ हजार जॅकेटचा करार झाला एप्रिल २०१८ मध्ये. मध्ये दोन सरकारं येऊन गेली, त्यामुळे दोन्ही पक्षांच्या भक्तांनी हा दोष आपापसात वाटून घ्यावा.

मग कोणी ठरवायचं? माझं मत सांगतो.

शस्त्राने काय काम केलं पाहिजे ते सैनिकाने सांगावं, म्हणजे आबांनी, दिल्लीच्या टेबलाने नव्हे. आणि काम सांगावं, यंत्र सांगू नये. "उणे चाळीस तापमानात अडकू नये" हे काम झालं. "केबिन १.८ मीटर" हे यंत्र झालं. चाचणी सैन्याने घ्यावी, निकाल लिहून ठेवावा आणि नंतर तो बदलला तर कोणी बदलला तेही लिहून ठेवावं. पण पैसे माझे आणि तुमचे आहेत. विमानं घ्यायची की तोफा, रशियाकडून की फ्रान्सकडून, यात परराष्ट्र धोरण आलं, रोजगार आला, दवाखान्याचे आणि शाळेचे पैसे आले. हे जनरल साहेबांनी ठरवायचं नाही. ते निवडून आलेल्या मंत्र्यानेच ठरवायचं, कारण त्याला पाच वर्षांनी माझ्या दारात यायचं असतं. जिथे सेनापती स्वतःच खरेदी ठरवतात तो देश कुठे आहे हे आपल्याला शेजारीच दिसतं.

फक्त मंत्र्याने ते लपून ठरवायचं नाही. आत्ताची व्यवस्था कागदावर बरी आहे. कारगिलनंतर २००१ मध्ये डीएसी, म्हणजे संरक्षण खरेदी परिषद झाली. संरक्षणमंत्री अध्यक्ष, तिन्ही दलांचे प्रमुख, आता सीडीएस, संरक्षण सचिव वगैरे. मोठा व्यवहार असेल तर पुढे मंत्रिमंडळाची सुरक्षा समिती. पण त्याच डीएसीत डीआरडीओचे प्रमुख बसतात, संरक्षण उत्पादन खात्याचे सचिवही बसतात, ज्यांच्या अखत्यारीत सरकारी कारखाने येतात. म्हणजे बाजार समितीच्या लिलावात आडत्यालाच संचालक करून बसवल्यासारखं झालं की! माल निकृष्ट निघाला तर बोलणार कोण? पुलगावच्या दारूगोळा भांडाराला ३१ मे २०१६ ला आग लागली, दोन अधिकाऱ्यांसह डझनाहून जास्त माणसं गेली. त्यानंतर बोट दाखवलं गेलं ते गळती लागलेल्या सदोष सुरुंगांकडे. ते बनवणारा कारखाना आणि वापरणारं लष्कर, दोघेही तेव्हा एकाच मंत्रालयाखाली.

तेजसचंही तेच दुखणं आहे. ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा. मे २०२५ मध्ये हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग जाहीर सभेत म्हणाले की एकही प्रकल्प वेळेत पूर्ण झालेला आठवत नाही, आणि करारावर सही करतानाच कधी कधी माहीत असतं की हे वेळेत येणार नाही. गणवेशातला माणूस चारचौघात असं बोलतो म्हणजे आत किती साचलं असेल बघा. नाशिकला ऑक्टोबरमध्ये विमान उडालं, ओझरच्या कामगारांचा मला अभिमान आहे, माझ्या चुलत्याचा जावई तिथेच आहे. पण विमान उडणं आणि स्क्वाड्रनमध्ये दाखल होणं यात फरक आहे. परवा ग्रुपवर ज्याने हा फरक विचारला त्यालाही तुम्ही शिव्या घातल्या.

सगळ्यात कमी बोललं जातं ते संसदेबद्दल. मार्च २०१८ मध्ये संरक्षणाच्या स्थायी समितीचा अहवाल आला. समितीचे अध्यक्ष मेजर जनरल खंडुरी, भाजपचे खासदार. त्या समितीसमोर लष्कराचे उपप्रमुख सरथ चंद यांनी सांगितलं की आपली ६८ टक्के सामग्री जुनाट गटातली आहे, २४ टक्के सध्याच्या काळातली आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक. हे विरोधी पक्षाने म्हटलेलं नाही, पत्रकाराने म्हटलेलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीची पुनर्रचना झाली आणि खंडुरी अध्यक्षपदावर राहिले नाहीत. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा.

माझी मागणी एवढीच आहे की अशा समितीसमोर मोठा करार सहीच्या आधी गेला पाहिजे, नंतर नाही. बंद दाराआड जाऊ दे, मला आकडे नकोत, क्षेपणास्त्राचा पल्ला नको. पण सगळ्या पक्षांच्या वीस-तीस खासदारांनी चाचणीचा निकाल बघावा, आक्षेप लिहून द्यावा, आणि मंत्र्याने तो फेटाळला तर कारण लिहून सही करावी. यालाही धोका आहे, मला माहीत आहे. अमेरिकेत लष्करप्रमुख सांगत होते की आम्हाला आणखी रणगाडे नकोत, तरी तिथल्या संसदेने २०१२ च्या सुमारास पैसे दिले, कारण ओहायोतला कारखाना बंद पडला असता. आपले खासदारही उद्या "आमच्या जिल्ह्यात प्रकल्प आणा" यापलीकडे बोलणार नाहीत कदाचित. पण ते निदान इतिवृत्तात येईल. कोणी काय मागितलं ते मला वाचता येईल.

गुप्ततेचं कारण पुढे कराल तर एक सांगतो. २०१७ च्या कॅग अहवालात छापून आलं की तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकार दहा दिवसही पुरणार नाहीत इतके कमी होते. यावर लोक म्हणाले, हे शत्रूला कळलं ना! अरे, शत्रूला आधीच माहीत असतं. कळलं नव्हतं ते आपल्याला. छापून आलं म्हणून बोंब झाली, बोंब झाली म्हणून फाइल हलली.

पुढच्या रविवारी खासदार साहेब सभागृहाच्या उद्घाटनाला येतायत. मी दोन प्रश्न लिहून ठेवलेत: गेल्या वर्षभरात संरक्षण खरेदीवर तुम्ही संसदेत काय विचारलं, आणि अतिउंचावरच्या बुटांचा साठा आज किती दिवसांचा आहे. आबांनाही घेऊन जाणार आहे. ते म्हणाले, पायऱ्या जास्त नसतील तर येतो.